कोकरापुरती फट

माझ्या हातचं दार गळत नाही. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं पत्र्याचं शेड आहे आणि तिथं आम्ही बंधाऱ्यांसाठी लोखंडी बर्गे बनवतो. बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या दोन खांबांमध्ये एकावर एक सरकवायच्या जाड पत्र्याच्या फळ्या. पाऊसकाळ संपला की त्या बसवायच्या, पाणी अडवायचं आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. बर्गा नीट बसला नाही तर फटीतून पाणी निघून जातं. तसं पाणी जाताना दिसलं की माझं डोकं फिरतं. शेडमधली माणसं मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

हा स्वभाव गावाकडून आलेला. आमचं घर माण तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. पाहुण्याच्या तांब्यात उरलेलं पाणी आमच्याकडं कधी फेकलं नाही, ते कोकरांच्या वाट्याला जायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुठलीही नवी वस्तू दाखवली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. घागर असो, टाकी असो, मी केलेला पहिला बर्गा असो, त्यावरून ते एकदा हात फिरवतात आणि विचारतात, "गळत न्हाई न्हवं?" मी घर बांधून दाखवलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

तर कोकणातल्या एका खाडीवरून मला फोन आला. बोलणारा माणूस रहिमतपूरकडचा, उसाच्या घरातला, लष्करातून निवृत्त झालेला. आता तो खाडीकाठच्या बंगल्यांच्या प्लॉटवर देखरेखीला होता. सगळे त्याला फौजी म्हणत, मीही तसंच म्हणायला लागलो. खाडीच्या कडेनं पूर्वीचा मातीचा बांध होता. त्यावर भराव घालून आता रस्ता केला होता आणि रस्त्याच्या आतल्या बाजूला प्लॉट पाडले होते. रस्त्याखालून एक मोरी होती. त्या मोरीला वरून बिजागरीवर टांगलेलं झुलतं दार हवं होतं. पावसाचं पाणी आतून ढकलून बाहेर जाईल, पण भरतीचं पाणी बाहेरून आलं की दार आपोआप मिटेल.

"म्हणजे पाणी आत येऊ द्यायचं नाही?" मी दोनदा विचारलं. "अहो, आमच्या माणात लोक पाण्यासाठी देव पाण्यात ठेवतात."

"खारं पानी हाय त्ये, गड्या. त्याचं काय लोणचं घालायचं का?" फौजी म्हणाला. "टाइट पायजे. एक थेंब आत नगं."

थेंब म्हटल्यावर मला चेव आला. पंधरा दिवस खपून मी ते दार केलं. कडेनं जाड रबर, बिजागरीला पितळी बुश. शेडमध्ये मी त्याच्यामागं पाणी भरून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी खालची फरशी कोरडी होती.

तेव्हा आबा माझ्याकडंच राहत होते. न्यायच्या दिवशी ते पिकअपच्या दाराशी येऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मेंढरं घेऊन कर्नाटकापर्यंत पायी हिंडलेला, पण समुद्र न बघितलेला. "म्या येतो," ते म्हणाले. "दर्या बघायचा हाय."

आंबा घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दिवाळीनंतरची अष्टमी होती आणि ओहोटी पुरी लागली होती. समोर नुसता चिखल, मधून एक बारकी धार आणि अलीकडच्या काठाला तिवरांची, खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं. आबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "ह्यो दर्या?" त्यांच्या तोंडावरची निराशा बघून मला हसू आलं. समुद्र अजून पश्चिमेला होता, ही त्याची खाडी होती.

मोरीचं जुनं लाकडी दार बघून तर मी पोट धरून हसलो. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी, खालचा कोपरा कुजून गेलेला. आम्ही ते उखडलं, नवं टांगलं, चौकटीच्या कडा सिमेंटनं भरून घेतल्या. तेवढ्यात गुडघाभर चिखलातून एक म्हातारी बाई वर आली. कासोटा घातलेला, कमरेला टोपली, खांद्यावर हातजाळं. ती आतल्या खाजणात, म्हणजे बांधाआडच्या तिवरांच्या दलदलीत, आणि खाडीत मासळी धरून पोट भरणारी होती, हे मला मागून कळलं. तिनं दार नीट बघितलं.

"एवढं घट्ट लावलंस? कुठं फट नाही ठेवलीस?"

"मावशी, माझ्या दाराला फट राहत नसते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, टोपली सावरली आणि निघून गेली. मी ते कौतुक समजलो. माणूस स्वतःच्या कामावर खूश असला की काहीही समजतो.

चारच्या सुमारास आबा मोठ्यांदा ओरडले. मला वाटलं साप निघाला. मी धावलो. आबा काठावर उभे राहून पाण्याकडं बोट दाखवत होते.

"आरं, पानी माघारी आलं की रं!"

मीही बघत राहिलो. समुद्राकडं निघालेल्या धारेवर एक वाळकं पान तरंगत चाललं होतं. ते थांबलं, थोडा वेळ जागच्या जागी हललं आणि मग आल्या वाटेनं परत वर चालू लागलं. मोटार नाही, पंप नाही, उतार नाही. पाणी उताराकडंच जातं ह्या एका भरवशावर मी आजवर धंदा केला होता, आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर अख्खी खाडी उलटी चालली होती. आवाज नव्हता. चिखलावर पाण्याची जीभ पुढं येत होती, तिवरांची खुंटासारखी वर आलेली मुळं एकेक करून बुडत होती आणि चिखलात टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या मासळ्या पाण्याच्या पुढं पळत होत्या. आबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मला हात जोडायची लाज वाटली, पण मनातून मी जोडले होते.

पाणी दारापाशी आलं आणि दार मऊ आवाज करून आपणहून मिटलं. बाहेर पाणी छातीएवढं चढलं. आत मोरी कोरडी. आबा वाकले, आतल्या बाजूनं त्यांनी दारावर तळवा टेकवला.

"गळत न्हाई न्हवं?"

"थेंब नाही, आबा."

तीन आठवड्यांनी फौजीचा पुन्हा फोन आला, बिजागरी करकरते म्हणून. आबा आधीच पिशवी भरून बसले होते. आम्ही गेलो तो अमावस्येचा दिवस, दुपारची भरती चढत होती. मी ग्रीसचा डबा काढतोय तोवर ती मावशी समोर आली.

"चल," ती म्हणाली. "तुझं काम दाखवते तुला."

मला वाटलं, दाराला काही झालं. ती आम्हाला बांधाच्या बाहेरच्या अंगाला घेऊन गेली, दाराच्या अगदी वर. खाली पाण्यावर बारीक थरथर दिसत होती. आभाळ स्वच्छ होतं, तरी पाणी मात्र भुरभुर पावसात असल्यासारखं हलत होतं. मावशीनं टोपलीतून स्टीलची वाटी काढली, वाकून पाण्यात बुडवली आणि माझ्या हातात दिली.

वाटीत पाणीच होतं. मग त्या पाण्यात डोळे दिसले. दोन बारीक काळे ठिपके, पुन्हा दोन, पुन्हा दोन. मग अंग दिसलं, काचेसारखं, आतला काटा सुईच्या टोकानं रेखावा तसा. भाताच्या शितापेक्षा लांब नसलेली मासळीची पिलं. एका वाटीत किती होती ते सांगता येणार नाही. मी मान वर करून दाराकडं बघितलं, तेव्हा मला कळलं की ती थरथर म्हणजे हीच पिलं होती, दाराच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, थरावर थर. सगळी माझ्या लोखंडाला तोंड लावून उभी होती. एवढा जीव एका जागी मी जन्मात बघितला नव्हता.

"ही बोयटं," मावशी बोटानं दाखवत म्हणाली. "हा जिताड्याचा पोर. ही कोळंबी. आया बाहेर समुद्रात सोडतात ह्यांना. ही भरतीबरोबर खाडीत येतात नि उथळ पाण्यात, तिवरांच्या मुळांत शिरतात. मोठ्या माशाला तिथं शिरता येत नाही. तिथं चार-सहा महिने वाढतात, मग परत बाहेर जातात. समुद्रात जी मासळी धरतात ना, ती अशी इथं मोठी झालेली असते."

"मग आत्ता?" मी विचारलं. उत्तर समोर दिसत होतं तरी विचारलं.

"ह्या बांधाला तीन मोऱ्या होत्या. दोन ह्या प्लॉटवाल्यांनी रस्त्याच्या भरावात गाडल्या. पलीकडच्या काठाची तिवरं तोडून तिथं धक्का बांधलाय. ही एक मोरी राहिली होती, नि हिचं दार कुजकं होतं म्हणून पिलांचं चाललं होतं. तू आलास नि चांगलं दार लावलंस." तिनं वाटी माझ्या हातून घेतली आणि अलगद पाण्यात उपडी केली. "ही अमावस्या गेली की ह्यातली निम्मी राहणार नाहीत. आत पिलं गेली नाहीत, तर पुढल्या सालात मी जाळं कुणासाठी विणू?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. दाराच्या दोन्ही अंगांना बगळे ओळीनं उभे होते, त्यांना मान वळवायचीही गरज पडत नव्हती. मधेच खालून एखादा मोठा मासा फटकन उसळायचा, थरथरीत एक भोक पडायचं आणि लगेच भरून यायचं.

आबा उकिडवे बसले होते.

"कोकरं हायती रं ही," ते म्हणाले. "आन् तू वाघर बंद करून त्यास्नी बाहीर लांडग्याफुडं हुबं केलंयस."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं. आमचं बालपण त्याच्या आतबाहेर गेलं.

"आबा, मला पाणी अडवायला सांगितलं होतं, मी अडवलं."

"मंग आता भोक पाड."

खरं सांगतो, मला संताप आला. मावशीचा, आबांचा, त्या पिलांचासुद्धा. ज्या माणसानं आयुष्यभर मला गळतं का म्हणून विचारलं, तो माझ्या दाराला भोक पाड म्हणतो! "आवं आबा, भोक पाडायला मी कशाला पायजे? जुनं दार काय वाईट होतं?" मी ओरडलो.

आबांनी काटकी घेतली आणि चिखलात वाघरीचं रिंगण काढलं. "ही बग. खालची दोरी समद्या बाजूनं खुट्ट्याला ताणलेली. पर एका जागी वीतभर उचलून ठिवायची. कोकरू अंग चोरून आत जातं, आईकडं जातं, परत येतं. मोठं जनावर न्हाई शिरत. वाघर गळकी नसती, पर तिला कोकरापुरती फट ठिवावी लागती." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बी त्यातनंच रांगत आत जायाचास. कोकरात निजायचास."

हे मला आठवत नव्हतं. पण दुधाचा आणि लोकरीचा तो उबट वास एकदम नाकात आला. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. ज्या फटीतून मी स्वतः शिरलो होतो, तीच मी ह्या जिवांना ठेवली नव्हती.

फौजी आधी ऐकेना. "भोक? सँक्शन न्हाई. प्लॉटात पानी शिरलं तर माज्या नावानं शिमगा." आबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला हाताला धरून दारावर नेलं आणि मावशीची वाटी पुन्हा भरून त्याच्या हातात दिली. तो उभा राहून बघत राहिला, मग बसून बघत राहिला. सीमेवर नोकरी केलेला धिप्पाड माणूस, वाटी हलू नये म्हणून त्यानं दुसरा हात खाली लावला.

"टेस्ट घेऊ," शेवटी तो म्हणाला. त्यानं प्लॉटच्या कुंपणाच्या पायाच्या एका दगडावर खडूनं रेघ मारली. "उद्याच्या भरतीला पानी हितवर आलं, की भोक कायमचं बंद. नो आर्ग्युमेंट."

"जुन्या दारानं कधी तिथवर आलं नव्हतं," मावशी म्हणाली. मग तिनंच माप दिलं, वीतभर रुंद आणि चार बोटं उंच. जागाही तिनंच दाखवली. अगदी तळाशी नको, गाळ बसेल. गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मी चिखलात उतरलो आणि गॅस कटर पेटवला. हजारो पत्रे कापलेत, पण त्या दिवशी खुणेची रेघ तीनदा मोजली. पंधरा दिवस ज्याला मी थेंबाचीही वाट ठेवली नव्हती, त्याच्या पोटात भोक पाडत होतो. ठिणग्या चिखलावर चुरचुरत पडत होत्या. तुकडा निघाला, भोकाच्या वर मी गरजेला खाली सरकवता येईल अशी पट्टी बसवली, मग कडा कानशीनं घासल्या. आबांनी भोकात हात घालून कडेवरून बोट फिरवलं.

"हितं लागतंय अजून. कोकराचं अंग सोलपटंल."

मी पुन्हा घासलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा घासायला लावलं. तिसऱ्या खेपेला मान हलवली.

दुपारी भरती आली. दार मिटलं. पाणी चढत चढत भोकाशी आलं आणि दंडाएवढी धार आतल्या पाटात कोसळली. माझा हात आपसूक पुढं गेला, तळवा भोकावर लावायला. विचार करून नाही, सवयीनं. मावशीनं माझं मनगट धरलं.

"येऊ दे," ती म्हणाली.

पहिल्यांदा नुसतं पाणी आलं. मग धारेत काहीतरी चमकलं. मग धारच चमकायला लागली. पिलं येत होती. पाटात पडत होती, क्षणभर जागीच थबकत होती आणि मग जणू कुणी आधीच वाट दाखवून ठेवल्यागत थेट तिवरांच्या मुळांत शिरत होती. ह्यांना कुणी सांगितलं? बाहेर एवढा समुद्र पडलेला असताना ह्या एवढ्याशा जिवानं हा बांध, हे दार, ही चार बोटांची फट कशी शोधली? मला मरेपर्यंत ह्याचं उत्तर मिळणार नाही, आणि न मिळाल्याचं वाईटही वाटत नाही.

आबा सवयीनं मोजायला लागले होते. संध्याकाळी मेंढरं वाघरीत घेताना ते असेच दाराशी बसायचे, वीस मेंढरं आत गेली की एक खडा ह्या हातातून त्या हातात. एक जरी कमी भरलं तरी जेवायचे नाहीत, काठी घेऊन शोधायला जायचे. आता त्यांनी तसेच खडे उचलले होते. "येक ईस... दोन ईस..." चार-पाच विसा झाल्या आणि त्यांचे ओठ थांबले. त्यांनी मूठ उघडली आणि खडे खाली सोडून दिले.

"न्हाई रं," ते हसत म्हणाले. डोळे भरले होते. "ह्यो कळप आपून मोजायचा न्हाई."

पाणी फौजीच्या रेघेच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं. तो दगडापाशी वाकून उभा होता, घड्याळाकडं बघत. भरती उतरायला लागली तेव्हा त्यानं नुसता अंगठा वर केला. मावशीनं वाटी टोपलीत टाकली, जाळं खांद्यावर घेतलं.

"आता चांगलं दार झालं," ती म्हणाली आणि चिखलात उतरून गेली.

एका भोकानं खाडी वाचली असं मी म्हणणार नाही. गाडलेल्या दोन मोऱ्या गेल्या त्या गेल्याच. परतताना पलीकडच्या काठाला भरावाचे डंपर रांगेनं रिकामे होत होते, आणि ते बघताना पहिल्यांदाच मला आपल्या धंद्याची भीती वाटली. एक वीत रुंद वाट एवढंच आमच्या हातून झालं.

कुपवाडात मी अजून न गळणारे बर्गेच करतो. पण खाडीवरचं काही काम आलं की आधी विचारतो, तिथं वाटी घेऊन उभं राहणारं कुणी आहे का. आबा आता पुन्हा गावाकडं असतात. यंदा तिकडं टँकर लवकर सुरू झाला. तरी दर अमावस्येला त्यांचा फोन न चुकता येतो, की मावशीला फोन लाव आणि गळतंय का विचार. मागच्या अमावस्येला मी मावशीला विचारलं. "गळतंय, गळतंय," ती हसून म्हणाली, "सांग म्हाताऱ्याला, तिवरांत बोयटं बोटाएवढी झालीत."

मी आबांना तसंच सांगितलं.

"गळतंय? बरं झालं, लय बरं झालं," ते म्हणाले. आणि फोन कानाला तसाच ठेवून घरात कुणावर तरी ओरडले, "आरं, त्या पिपाची तोटी आवळा नीट. थेंब पडतोय!"